आधी आवाज सांभाळा

‘चांगला कॅमेरा नाही, मग व्हिडिओ क्लबात कशाला जाऊ?’ असं कुणी विचारलं तर सांगेन, अहो, जरूर जा! मोबाईल पुरतो. क्लबात माणसं मिळतात, कुणी माईक धरतं, कुणी एडिटिंगला बसतं. एकट्याने हे सगळं निभत नाही. आवाजाकडे मात्र पहिल्यापासून लक्ष द्या. पंखा बंद करा. कॉलर माईक (कपड्याला अडकवायचा छोटा माईक) हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. त्यावर ओढणी किंवा पदर घासला की अख्खा टेक, म्हणजे एका दमात केलेलं चित्रण, वाया जातो. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी; शटर त्या लयीशी जुळलं की लुकलुक दिसत नाही. पहिली फिल्म दोनच मिनिटांची करा, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांवर केलीत तरी चालेल.