चिकनगुनियानंतर जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) झाला, घरी आलेल्या दादाच्या हाताची पकड पुन्हा कमी वाटतेय. जळगाव-धुळे भागातली माहिती हवी आहे

नमस्कार. प्रश्न माझ्या थोरल्या भावाबद्दल आहे. वय ४२, चोपडा तालुक्यात केळी आणि कापूस करतो. बीपी नाही, शुगर नाही, आधीचा कुठला आजार नाही. पावसाळ्याच्या शेवटी आमच्या गावात घरोघरी चिकनगुनिया होता. दादालाही झाला, रक्ताची आयजीएम तपासणी पॉझिटिव्ह आली. ताप उतरला, सांधे धरलेले राहिले, पण ते तेव्हा सगळ्या गल्लीचेच धरलेले होते. मग साधारण दोन आठवड्यांनी तळपायाला मुंग्या आल्या. पुढे ओट्याची पायरी चढताना गुडघे आपोआप वाकायचे, चप्पल पायातून निसटायची आणि त्याला कळायचंही नाही. "पायस्मा जीवच नही शे," एवढंच म्हणायचा.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. दोन्ही पाय हललेच नाहीत. मग त्यांनी दादाला एका श्वासात जमतील तितके आकडे मोजायला लावले. तो बारापाशी थांबला. त्यांनी तिथल्या तिथे अँब्युलन्स बोलावली आणि आयसीयू असलेल्या ठिकाणीच जा, घरी परतू नका, असं बजावलं. हे मुद्दाम लिहितेय. चिकनगुनियाच्या दुखण्यात माणूस लंगडतो, पण दुखतं म्हणून. इथे दुखणं कमी होत होतं आणि ताकद जात होती, तीही दोन्ही पायांतून सारखी, खालून वर. हा फरक आमच्या भागात प्रत्येक घराला माहीत असायला हवा असं मला फार वाटतं.

पाठीतलं पाणी तपासलं, त्यात प्रथिनं वाढलेली पण पेशी नॉर्मल. एनसीव्हीमध्ये, म्हणजे नसांमधून संदेश किती वेगाने जातात हे बघणाऱ्या तपासणीत, नसांवरचं वेष्टण खराब झाल्याचं दिसलं. निदान गियाँ-बारे सिंड्रोम. डॉक्टरांनी समजावलं की विषाणूशी लढायला शरीराने जी फौज उभी केली, तीच चुकून स्वतःच्या नसांवर उलटली. आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती अँटिबॉडीची औषधं) पाच दिवस दिलं, वजनावर डोस असतो, दर किलोला रोज ०.४ ग्रॅम. व्हेंटिलेटर लागला नाही. चेहऱ्याची एक बाजू उतरली होती, गिळायला त्रास होता, तोही गेला. वॉकर धरून अंगणात फिरायला लागला तेव्हा वहिनीने गल्लीत पेढे वाटले.

आता मूळ प्रश्न. गेल्या आठवड्यापासून दादा म्हणतो की ताटातला भाकरीचा तुकडा मोडायला पुन्हा जोर लागतोय. शर्टाची बटणं लावणं जमायला लागलं होतं, तेही परत अडतंय. मुंग्या आहेत. श्वास ठीक आहे, जेवण ठीक आहे. आजार सुरू होऊन दोन महिने होत आलेत. हे व्यायामाचं थकणं आहे की आजार परत आला? कोणाकडे असं झालं होतं का?

शिवाय:

नसांची तपासणी पुन्हा करायची झाली तर जळगावला करावी की धुळ्याला? दोन्हीकडचा कोणाचा अनुभव असेल तर सांगा. पुन्हा आयव्हीआयजी लागलं तर महात्मा फुले योजनेत कसं बसवायचं? पहिल्या वेळी घाईत सगळं रोखीने झालं. केळीचा घड उतरायला अजून वेळ आहे.

घरातले वडीलधारे म्हणतात, लकवा आहे, लकव्याच्या देवस्थानी नेऊन आणा, तेल लावून शेक द्या. माझा देवाला विरोध नाही. पण तळपायाला नीट संवेदना नसताना शेक द्यावा का? आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले होते, तेव्हापासून लोकांना वाटतं की हा लागट रोग आहे. शेजारच्यांनी मुलांना आमच्या अंगणात येऊ देणं बंद केलंय. दादाला हे सर्वांत जास्त लागलं आहे. त्यांना नेमकं काय सांगू?

आमच्याकडे नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येतं, त्यामुळे ड्रम, रांजण, हौद भरलेलेच असतात. त्याला पुन्हा चिकनगुनिया किंवा डेंगी झाला तर काय, या विचाराने वहिनीला झोप लागत नाही.

प्रतिसाद : तापीकाठ

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशा रुग्णांना चालवायला शिकवणं हेच माझं काम. पहिलं आणि महत्त्वाचं : इथल्या उत्तरांची वाट न पाहता उपचार करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टना आजच फोन करा. सुधारत असलेला रुग्ण पुन्हा खालावायला लागणं याला थकवा समजून सोडायचं नसतं. जीबीएसमध्ये उपचारानंतर दहातल्या एखाद्या रुग्णाची ताकद अशी पुन्हा घटते, बहुधा पहिल्या आठ आठवड्यांत, आणि तेव्हा पुन्हा आयव्हीआयजीचा विचार करतात. आठ आठवड्यांनंतरही ताकद घटतच राहिली तर सीआयडीपी नावाचा दीर्घकाळ चालणारा भाऊबंद आजार शोधावा लागतो. तुम्ही नेमक्या या सीमेवर आहात. हा फरक कागदापुरता नाही : जीबीएसला स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, सीआयडीपीला होतो. म्हणून कोणी ओळखीने स्टिरॉइड सुचवलं तर निदान होईपर्यंत घेऊ नका.

व्यायामाचं थकणं वेगळं असतं. ते संध्याकाळी येतं आणि रात्रीच्या झोपेने निघतं. सकाळी उठल्या उठल्या बटण लागत नसेल तर ते थकणं नव्हे. रोज सकाळी एकाच वेळी एकच काम करायला सांगा, बाटलीचं झाकण उघडणं किंवा बटणं लावणं, आणि वहीत लिहा. डॉक्टरांना ही वही फार कामाची असते. एका श्वासातले आकडेही रोज लिहा. ते कमी झाले, गिळताना ठसका लागला किंवा झोपल्यावर दम लागला, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

शेक अजिबात नको. जाणीव नसलेल्या पायाला पोळलेलं कळत नाही, तशा जखमा मी पाहिल्या आहेत. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. पाऊल खाली लोंबत असेल तर एएफओ स्प्लिंट (घोटा आणि पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार) करून घ्या, नाहीतर पोटरी आखडते आणि मग नस सुधारूनही टाच टेकत नाही.

प्रतिसाद : मेहरूणकर

माझ्या मिस्टरांना डेंगीनंतर झाला होता. वर्षभराने मोटारसायकल चालवायला लागले, तळपायाची आग मात्र अजून रात्री होते, त्यावर गोळी आहे. योजनेसाठी दाखल होताच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, गाठा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. ते रुग्णालय योजनेत आहे की नाही हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या.

शेजाऱ्यांना सांगा की जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पुण्यात कॅम्पायलोबॅक्टर नावाचे जंतू पोटात गेल्याने तो अनेकांना झाला, तुमच्याकडे डासाच्या विषाणूने. ठिणगी वेगळी, पुढची आग तीच. २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात झिकाची साथ आली तेव्हाही असंच झालं होतं. चिकनगुनियाची लागण डासाने होते, दादाने नव्हे. आणि चिकनगुनिया एकदा झाला की सहसा परत होत नाही. डेंगीचे मात्र चार प्रकार आहेत, तो होऊ शकतो. एडिस डास दिवसा चावतो आणि अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या रेषेलगत चिकटवतो. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. आठवड्यातून एकदा ड्रम-रांजण घासायचेच. हौदात गप्पी मासे सोडा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले. त्यांनी तापीकाठ यांच्यासारखंच सांगितलं, उद्या सकाळी धुळ्याला घेऊन या म्हणाले, एनसीव्ही पुन्हा करणार आहेत. गाडी ठरवली आहे. डिस्चार्ज कार्ड, पहिल्या एनसीव्हीचा रिपोर्ट, पाठीच्या पाण्याचा रिपोर्ट आणि रेशनकार्ड एका पिशवीत भरून ठेवलंय. आज श्वासातले आकडे अठ्ठावीस आले, दादानेच वहीत लिहिले, अक्षर वाकडं आहे पण वाचता येतं. शेजारच्या काकूंना मेहरूणकरांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं, मुलांचं काय ते अजून बोलल्या नाहीत. धुळ्यात दाखल करून घेतलं तर तिथे रुग्णासोबत राहणाऱ्यांची सोय कुठे होते, हे कोणाला माहीत असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा.