पडल्यानंतर चाक सरळ, हँडल डावीकडे : फोर्क पाईप वाकले आहेत की नुसता पीळ बसला आहे?

मावळवाट :

नमस्कार मंडळी. माझ्याकडे हीरोची एक्सपल्स २०० आहे. गेल्या रविवारी भोरच्या पुढे, भातखाचरांच्या बांधाला लागून उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर पुढचे चाक पावसाने कापलेल्या चरात अडकले आणि गाडी उजव्या कुशीवर आदळली. वेग फारसा नव्हता, त्यामुळे मला मुक्या मारापलीकडे काही झाले नाही. मात्र गाडी उभी केल्यावर दिसले की चाक समोर ठेवले असता हँडल डावीकडे वळलेले राहते. हळूहळू चालवत घरी आणली. पुढचा ब्रेक धरून गाडी दाबली तर शॉकअप (पुढचे चाक धरणारे फोर्कचे दोन पाय) खाली जातात, पण वर येताना किंचित अडखळतात आणि त्याच वेळी हलकासा ‘टक’ असा आवाज येतो. उजव्या पाईपवर धूळसीलच्या (धूळ आत जाऊ न देणाऱ्या रबरी कड्याच्या) जरा वर दगडाचा ओरखडा आहे, त्यात नख अडकते. तेल अजून गळलेले नाही.

एका गॅरेजमध्ये दोन्ही पाईप, खालची टी (दोन्ही पाईपांना एकत्र धरणारा खालचा आडवा भाग) आणि हँडल असे सगळेच बदलावे लागेल असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी चाक भिंतीला टेकवून हँडल ओढून देतो, पाच मिनिटांचे काम आहे, असे उत्तर मिळाले. या दोहोंपैकी खरे काय, हे सुटे भाग मागवण्याआधी घरच्या घरी कसे ठरवावे?

खडकवाट :

तुमच्या वर्णनात दोन निराळे दोष मिसळलेले असण्याची शक्यता आहे, ते आधी वेगळे करावे लागतील. हँडल आणि चाक एका रेषेत नसणे हे बहुतेक वेळा काही वाकल्याचे नव्हे, तर पीळ बसल्याचे लक्षण असते. दोन्ही पाईप वरच्या आणि खालच्या टीमध्ये केवळ बोल्टच्या आवळणीवर धरलेले असतात; चाकाला बाजूने जोराचा धक्का बसला की दोन्ही टी एकमेकींच्या मानाने थोड्या फिरतात आणि धक्का ओसरल्यावर तशाच अडकून राहतात. शॉकअप अडखळणे मात्र पिळामुळेही होते आणि पाईप वाकल्यामुळेही, म्हणून पीळ काढल्याशिवाय पाईपबद्दल निकाल देऊ नये.

तपासणीची सुरुवात हँडलपासूनच करावी, कारण हँडलची नळी वाकली असेल किंवा तिला धरणारे क्लॅम्प हलले असतील, तर खाली सगळे ठीक असूनही गाडी वाकडी दिसते. गाडीसमोर काही पावले दूर उभे राहून वरच्या टीची कड आणि पुढचा एक्सल (चाकाचा आस) एकमेकांना समांतर आहेत का ते पाहा. समांतर असतील तर दोष हँडलमध्ये. नसतील तर खाली.

त्यानंतर इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी करा. शॉकअपची खालची टोके दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे हलवल्यावर ‘टक’ जाणवला, तर तो आवाज बॉल रेसरमधल्या (हँडल ज्यावर फिरते त्या गोळ्यांच्या बेअरिंगमधल्या) ढिलाईचा आहे. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवल्यावर ते बरोबर मध्यावर अडकल्यासारखे वाटले, तर रेसरच्या वाटीत गोळ्यांचे खड्डे पडले आहेत आणि तो संच बदलणे भाग आहे. नुसता आवळून चालणार नाही. याच वेळी टाकी बाजूला करून हेड पाईपच्या (चेसिसच्या ज्या नळीत हँडलचा दांडा फिरतो तिच्या) मागची बाजू आणि खाली उतरणाऱ्या नळीचा जोड उजेडात नीट पाहा. तिथल्या रंगाला सुरकुत्या किंवा केसासारखी रेघ दिसली, तर चर्चा चेसिसची होईल आणि पुढचे काही करण्यात अर्थ राहणार नाही. हँडल जिथे थांबते तो स्टॉपर चेपला आहे का तेही पाहून घ्यावे.

पीळ काढण्यासाठी भिंतीची आवश्यकता नाही. गाडीचा भार ठोकळ्यावरच असू द्या, अन्यथा बोल्ट सैल करताच टी पाईपवरून खाली घसरते. एक्सलचा नट, पिंच बोल्ट (एक्सलला बाजूने आवळून धरणारा) असल्यास तोही, खालच्या टीचे बोल्ट, वरच्या टीचे बोल्ट आणि मधला मोठा नट हे सगळे थोडे थोडे सैल करा. चाक गुडघ्यांत धरून हँडल ज्या बाजूला यायला हवे त्या बाजूला हलक्या हाताने फिरवा. पाईप वाकलेले नसतील तर ते बहुधा स्वतःहून जागेवर येतात. बोल्ट न सोडता ओढाओढ केली, तर पीळ टी आणि पाईपच्या धातूत उतरतो, म्हणून दुसऱ्या गॅरेजचा उपाय मला मुळीच पसंत नाही.

आता काचेची चाचणी. खिडकीची साधी, जाड आणि सपाट काच दोन्ही पाईपांवर आडवी ठेवा : एकदा दोन्ही टींच्या मधल्या भागावर आणि एकदा खालच्या टीच्या खाली, क्रोमच्या भागावर. काच चारही कोपऱ्यांत टेकली तर पाईप समांतर आहेत. ती डुगडुगली तर पीळ शिल्लक आहे किंवा काहीतरी वाकले आहे. ते नेमके काय, हे ओळखण्यासाठी चाक काढा, एका बाजूच्या टीचे बोल्ट सैल करून तो पाईप त्याच्या जागी अर्धा वळसा फिरवा आणि काच पुन्हा ठेवा. डुगडुगण्याची दिशा पाईपबरोबर बदलली तर पाईप वाकला आहे. पाईप कितीही फिरवला तरी चूक तिथेच राहिली तर टी वाकली आहे. या एका चाचणीने बहुतेक वेळा नको ते भाग मागवणे टळते.

लेथवाले काका :

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे; फक्त पाईपबद्दल थोडे लिहितो, कारण माझ्याकडे असे पाईप सरळ करून घेण्यासाठी लोक येतात. पाईप बाहेर काढून दोन व्ही-ब्लॉकांवर (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांवर) ठेवावा, मध्ये डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारे मापक) लावून सावकाश फिरवावा. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये पाईपच्या वाकाची मर्यादा ०.२ मिलिमीटर दिलेली असते. गेजवर दिसणारा एकूण फरक हा प्रत्यक्ष वाकाच्या दुप्पट असतो, हे पुष्कळ जण विसरतात आणि चांगला पाईप बाद करतात. आपल्याकडच्या या गाडीचा पाईप ३७ मिलिमीटरचा आहे, तर मोटोक्रॉसच्या शर्यतीच्या गाड्यांवर उलटे (जाड नळी वर आणि बारीक पाईप खाली असलेले), ४८ किंवा ४९ मिलिमीटरचे फोर्क असतात. तिथे पीळ वारंवार बसतो, पण वाकणे त्या मानाने कमी. आपला पाईप वाकतो तो जवळजवळ नेहमी खालच्या टीच्या लगेच खाली, कारण सगळा भार तिथे येऊन थांबतो.

लांबवर पसरलेला, मंद वाक असेल तर प्रेसवर थंड अवस्थेत सरळ करता येतो. एकाच जागी घडी पडली असेल, क्रोमला बारीक तडे दिसत असतील किंवा पाईप अंडाकृती झाला असेल, तर मी ते काम घेत नाही, कारण असा पाईप पुढच्या खड्ड्यात त्याच जागी दुमडतो. गॅसने तापवून सरळ करून देणाऱ्याकडे तर जाऊच नये. धातूची ताकद जाते आणि क्रोमही सुटते.

रानभैरी :

काकांचा अनुभव मोठा आहे, तरीही मी सरळ केलेला पाईप डोंगरात वापरणार नाही. एकदा वाकून पुन्हा उलटा दाबलेला धातू त्या जागी आधीसारखा राहत नाही. रोजच्या डांबरी रस्त्यावर तो चालेल. घळीत उड्या मारणाऱ्याने नवा घ्यावा, आणि वाकलेला एकच असेल तर एकच घ्यावा, उगाच जोडी नको.

ओरखड्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. क्रोमवर वर आलेली धार १००० किंवा १२०० नंबरच्या पॉलिश पेपरला पाणी लावून, पाईपच्या भोवती आडवी घासून काढावी. वर-खाली घासल्यास उभ्या रेघा पडतात आणि त्यांतून तेल वर चढते. खोलगट खाच राहिली तरी हरकत नाही, उंचवटा राहता कामा नये, कारण तोच ऑइल सीलचा (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याचा) ओठ फाडतो. शिवाय चाक अधांतरी असताना फिरवून रिम आऊट (फिरताना डुलणारी) आहे का, एखादा स्पोक ढिला वाजतो का, डिस्क कॅलिपरमध्ये घासते का आणि एबीएसच्या सेन्सरची वायर ओढली गेली आहे का, हे पाहायला विसरू नका.

मावळवाट :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरची टी आणि एक्सल समांतर नव्हते, म्हणून सगळे बोल्ट सैल करून पाहिले. हँडल फारसा जोर न लावता जागेवर आले. बॉल रेसर फक्त ढिला होता, मध्यावर अडकत नाही, आणि चेसिसचा रंग शाबूत आहे. दोन्ही टींच्या मधे काच आता व्यवस्थित टेकते. खालच्या टीखाली मात्र ती डुगडुगते, आणि उजवा पाईप फिरवला की दिशा बदलते. शेजारच्या वर्कशॉपमध्ये गेजवर १.४ मिलिमीटर फरक दिसला, म्हणजे वाक ०.७ मिलिमीटरचा आहे. डावा पाईप मर्यादेत आहे. उजवा नवीन मागवला आहे. जोडताना काय सांभाळावे?

खडकवाट :

एकच पाईप बदलत असलात तरी तेल आणि सील दोन्ही बाजूंचे बदला. तेलाची पातळी मोजताना स्प्रिंग बाहेर असावी आणि शॉकअप पूर्ण दाबलेला असावा. दोन्ही बाजूंना पातळी सारखी हवी. स्प्रिंग घालण्याआधी पाईप हाताने पूर्ण खाली-वर करून पाहा, तो कुठेही अडखळता कामा नये. दोन्ही पाईपांची टोके वरच्या टीपासून सारख्याच उंचीवर बसवा.

आवळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रेसरचा ताण बसवून मधला मोठा नट, मग खालची टी, मग वरची, त्यानंतर एक्सलचा नट. आता गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक धरा आणि शॉकअप जोरात काही वेळा दाबा, म्हणजे एक्सलवर शॉकअपचे दोन्ही पाय आपापली जागा घेतात. पिंच बोल्ट असल्यास तो यानंतरच आवळावा. आवळणीचे आकडे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क रेंच वापरा, कारण खालची टी गरजेपेक्षा जास्त आवळली तर पाईप चेपतो आणि तुम्ही नव्या पाईपवर जुनाच दोष आणून ठेवाल.

शेवटी मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून ती पुढे आणा. मागचा टायर १२० आणि पुढचा ९० मिलिमीटरचा असल्याने पुढच्या टायरपासून दोरीचे अंतर दोन्हीकडे अंदाजे १५ मिलिमीटर यायला हवे. दोहोंत मोठा फरक दिसला, तर आधी चेन ताणणाऱ्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते तपासा, आणि मगच पुढच्या बाजूवर संशय घ्या.