असाइनमेंटच्या मुदतवाढीला कायद्याचा आधार आहे का?

प्रश्न
मी अल्पदृष्टी असून इतिहासात एम.ए. करते आहे. लेखी परीक्षेत मला लेखनिक आणि तासाला २० मिनिटे जादा मिळतात. अडचण अंतर्गत मूल्यमापनाच्या असाइनमेंटची आहे. मुदत दहा दिवसांची असते, परंतु संदर्भपुस्तकाच्या पानांचे फोटो ग्रुपवर येतात आणि स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते वाचता येत नाहीत. ओसीआर केले, म्हणजे फोटोतील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून घेतला, की जोडाक्षरे फुटतात, ‘राष्ट्र’ या एका शब्दाचे तीन तुकडे होतात, आणि मग बहिणीला शेजारी बसवून पानन् पान दुरुस्त करावे लागते. या वेळी त्यातच सहा दिवस गेले. विभागात विचारले, तर जादा वेळ फक्त परीक्षेला असतो, असे सांगण्यात आले. हे बरोबर आहे का?

उत्तर (प्राध्यापिका)
बरोबर नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १७ परीक्षेतील जादा वेळेविषयी बोलते, हे खरे. परंतु कलम १६ मध्ये शासनमान्य आणि अनुदानित संस्थांनी विद्यार्थ्याच्या वैयक्तिक गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्यात, असे म्हटले आहे, आणि ते केवळ परीक्षेपुरते नाही. लेखनिकाच्या प्रश्नावरील विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये व्यक्तीच्या गरजेवरच भर दिला होता. मात्र असाइनमेंटला किती दिवस वाढवून द्यावेत, हे कायद्यात लिहिलेले नाही, म्हणून ‘सहा दिवस मजकूर दुरुस्त करण्यात गेले’ हेच कारण अर्जात स्पष्ट लिहा.

उत्तर (माजी विद्यार्थी, डिस्लेक्सिया)
अर्ज मुदत संपण्यापूर्वी आणि लेखीच द्या. मी शेवटच्या दिवशी सरांना तोंडी विचारले, त्यांनी मनापासून होकारही दिला, पण पोर्टल बंद झाले होते आणि गुणांच्या रकान्यात शून्य लागले. सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व आवक क्रमांक न विसरता घ्या.

उत्तर (प्राध्यापिका)
आणखी एक. नुसती मुदतवाढ मागितली, तर चार विषयांच्या वाढीव तारखा थेट सत्रपरीक्षेच्या तोंडावर येऊन पडतात. हे मी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे आणि त्यांची होणारी ओढाताण बघवत नाही. म्हणून आधी युनिकोडमधील, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल अशी टंकलिखित प्रत मागा, आणि ती हाती पडेल त्या दिवसापासून तुमचे दहा दिवस मोजावेत, असे अर्जात लिहा.