४९४ व्हिसा: लेव्हीचे पैसे मी भरायचे का?

सांगलीकर: मी डिझेल मेकॅनिक. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाच्या एका गॅरेजची ४९४ची, म्हणजे मालकाने स्पॉन्सर करायच्या व्हिसाची, ऑफर आहे, पण एजंट म्हणतो मालकाची लेव्ही (परदेशी कामगार घेताना मालकाने सरकारला द्यायचा आकार) तुम्हीच भरा. घरचे सोनं गहाण ठेवायला निघालेत. काय करू?

डब्बोकर: दादा, सोन्याला हात लावू नका! लेव्ही आणि नॉमिनेशनचा, म्हणजे त्या नोकरीसाठी तुमचं नाव सरकारकडे देण्याचा, खर्च मालकानेच करायचा, तसा कायदाच आहे. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं २०१५पासून गुन्हा आहे. तुमच्याकडे फक्त व्हिसाची फी, स्किल असेसमेंट आणि इंग्रजीची परीक्षा. इथे गहू कापणीला आला की हार्वेस्टर शेतातच बंद पडतात, रात्री टॉर्च दातांत धरून बेअरिंग बदलतो आम्ही. मेकॅनिक मिळत नाहीत, गरज त्यांनाही आहे. ताठ मानेने बोला.

सांगलीकर: आणि तिथे पटलं नाही तर?

डब्बोकर: जुलै २०२४पासून नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात. फक्त तोही रीजनल भागातलाच हवा.

ॲडलेडकर: सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून सगळं रीजनलच, ॲडलेड-पर्थसुद्धा. तीन वर्षांनी १९१ व्हिसा, म्हणजे पीआर (कायम राहण्याची परवानगी), मागता येतो. त्यासाठी टॅक्सचे कागद पहिल्या वर्षापासून नीट ठेवा.