चित्रकाराला विषय सापडतो तो वस्तीत की कॅनव्हाससमोर?

मूळ मत:
आजच्या चित्रकारांना कल्पना कुठून सुचतात, असे विचारले की ‘अंतःप्रेरणा’ हे उत्तर आपण फार लवकर देतो, आणि मला त्यात आळस दिसतो. सुधीर पटवर्धन यांनी १९७५ ते २००५ या काळात ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून नोकरी-व्यवसाय सांभाळला आणि त्याच वर्षांत उपनगरातले रस्ते, लोकल गाड्या, बांधकामे व त्यांतून वावरणारी कष्टकऱ्यांची शरीरे रंगवली. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव ओसरत गेले नसते, तर २००१ मधले त्यांचे लोअर परळचे चित्र संभवलेच नसते.

प्रतिसाद १:
हे मला मान्य नाही. अमूर्त चित्रे रंगवणारे वासुदेव गायतोंडे मुंबईत समुद्राकाठच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करत, पुढे दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत (गच्चीवरच्या खोलीत) राहिले; पण त्यांच्या कॅनव्हासवर यांपैकी कोणत्याही जागेचा पत्ता लागत नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, मासिकांच्या कागदाच्या कपट्यांनी रंग उचलायचा किंवा उमटवायचा, या हाताच्या कामातूनच त्यांचे चित्र घडत असे. वस्तीवरून त्यांचा उलगडा करून दाखवा, मग बोलू.

प्रतिसाद २:
आपण कार्यपद्धतीलाच प्रेरणास्रोत ठरवत आहात. गायतोंडे यांचा झेन या बौद्ध विचाराशी परिचय होता आणि १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले होते. म्हणजे बाहेरचे काही आत आलेच होते, फक्त ते दृश्य नव्हते. प्रभाकर बरवे यांचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत ते वाराणसीला होते, तिथे भेटलेल्या तंत्रमार्गातल्या प्रतिमा त्यांच्या साठच्या दशकातल्या चित्रांत स्पष्ट दिसतात, आणि नंतर मात्र घड्याळ, पान अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात मांडताना त्यांनी तो सारा प्रतिमासंभार बाजूला ठेवला.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर:
बरव्यांचा मुद्दा पटला. गायतोंड्यांविषयीचा पटला नाही, कारण वाचनाने माणूस घडतो हे खरे असले तरी अमुक चित्रातला अमुक पिवळा त्यातून निघत नाही, त्यामुळे तिथे मी प्रतिसाद १ च्या बाजूने आहे. मात्र आकृतिप्रधान चित्रांबाबत माझे म्हणणे कायम आहे: पटवर्धनांची माणसे ठाण्यात न राहता रंगवता आली नसती.