धूरगाडी मागतात, पण हौद घासत नाहीत. कसं समजवायचं?

गोदाकाठ:
नमस्कार, मी आशा वर्कर आहे, मराठवाड्यातलं लहान शहर. जुलैपासून माझ्या भागात डेंग्यूचे पेशंट निघतायत. दर आठवड्याला घरोघर जाऊन सांगते की कोरडा दिवस पाळा, हौद, रांजण, कूलर रिकामे करा. बाया ऐकतात, कागद घेतात आणि विचारतात धूरगाडी कधी येणार. आणि खरं सांगू का, आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, भरलेला हौद ओतून द्या म्हणायला माझीच जीभ रेटत नाही. काय करू?

जुना_एमपीडब्ल्यू:
ताई, ओतायला सांगूच नका. दुहेरी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यायचं, फडक्यातल्या अळ्या उन्हात कोरड्या मातीवर झटकायच्या, आणि रांजण आतून काथ्याने घासायचा. घासणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण या डासाची अंडी पाण्याच्या वर कडेला चिकटलेली असतात, वाळली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एकदा. मोठा हौद रिकामा होतच नसेल तर अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. धुराने उडणारे डास मरतात, अळीला काही होत नाही, हे मात्र स्पष्ट सांगा.

शाळामास्तर:
आमच्या लोकांना वाटतं डास गटारातून येतात, त्यामुळे घरातल्या स्वच्छ पाण्याकडे कुणी बघतच नाही. मी सहावीच्या वर्गात काचेच्या बाटलीत अळ्या ठेवल्या, तोंडाला पातळ कापड घट्ट बांधलं, चार-पाच दिवसांत पांढऱ्या पट्ट्यांचे डास आत उडायला लागले. पोरं घरी गेली आणि फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर सगळं हुडकून आली. कागद वाटून वर्षभरात एवढं झालं नव्हतं.

माहेर_जामखेड:
आमच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यसेविका केलं, त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. बाहेरचा येऊन भाषण करतो ते वेगळं आणि शेजारीण आपल्या चुलीपाशी बसून सांगते ते वेगळं. तुमच्या गल्लीतल्या दोन बाया आधी तयार करा ना.

गोदाकाठ:
मास्तर, आज टॉर्च घेऊन गेले होते. एका मावशींना त्यांच्याच रांजणात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या, त्यांचा नातू गेल्याच महिन्यात ॲडमिट होता. बराच वेळ बोलल्याच नाहीत, मग स्वतः काथ्या घेऊन आल्या. उद्या शेजारच्या घरी त्यांनाच सोबत नेते.