इंग्लंड : व्हॅनवाल्याने सोफा भलतीकडे टाकला आणि दंडाचं पत्र मला आलं, काय करू?

घर_बदललेली
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मागच्या महिन्यात घर बदललं तेव्हा जुना सोफा, गादी आणि चार-पाच पिशव्या अडगळ काढायची होती, ऑनलाइन जाहिरात बघून एका व्हॅनवाल्याला बोलावलं, तो रोख पैसे घेऊन सगळं घेऊन गेला, विषय संपला असं वाटलं. काल काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं की हा माल शेताकडच्या एका अरुंद रस्त्यावर टाकलेला सापडला, एका पिशवीत माझ्या नाव-पत्त्याचं पाकीट होतं, म्हणून मला ६०० पौंडांचा दंड, लवकर भरला तर सूट. अहो मी पैसे मोजून कचरा उचलायला दिला, मी कुठे टाकलाय? कोर्टाचा उल्लेख वाचून रात्रभर झोप नाही. गपचूप भरून टाकू का?

थेम्सकाठी
ताई, घाबरू नका पण पत्र पुन्हा नीट वाचा, दंड नेमका कशाबद्दल आहे ते बघा. बेकायदा कुठेही कचरा टाकल्याचा, म्हणजे फ्लाय-टिपिंगचा दंड वेगळा, तो १,००० पौंडांपर्यंत असतो. तुमचा ६०० चा आहे म्हणजे बहुतेक 'ड्युटी ऑफ केअर'चा असणार. १९९० च्या एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन ॲक्टमध्ये (पर्यावरण संरक्षण कायद्यात) कलम ३४ आहे, त्यानुसार घरातला कचरा दुसऱ्याला देताना तो माणूस परवानाधारक आहे ना हे बघायची जबाबदारी त्या घरात राहणाऱ्याची, भाडेकरू असला तरी. आधी या दोन्ही दंडांची मर्यादा ४०० होती, जुलै २०२३ पासून वाढवली. तेव्हा 'मी टाकलाच नाही' एवढं म्हणून सुटका होणार नाही, देण्याआधी तुम्ही काय चौकशी केली होती ते विचारतील.

पाऊस_आणि_चहा
मला हे अजिबात पटत नाही. नवीन आलेल्या माणसाला हे कोण सांगतं? खरा चोर मोकळा आणि ज्याच्या नावाचं पाकीट सापडलं तो पकडला, सोपं गिऱ्हाईक!

थेम्सकाठी
राग समजतो, माहिती द्यायला हवी हे शंभर टक्के खरं. पण स्वस्तात नेणारा स्वस्तात का नेतो बघा ना, टिपवर, म्हणजे कचरा जमा करायच्या केंद्रावर, त्याला व्यावसायिक कचऱ्याचे पैसे भरावे लागतात, ते वाचवायला तो रस्त्याकडेला टाकतो. त्याला काम मिळतं ते आपल्याकडूनच. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर त्याचं नाव किंवा नोंदणी नंबर टाकून परवाना आहे का ते बघायला दोन मिनिटं लागतात, आणि पावती मागायची, जो द्यायला का-कू करतो त्याला माल द्यायचाच नाही.

शनिवारची_सफाई
ताई, भरण्याआधी काउन्सिलला लगेच लेखी कळवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मेसेज, फोन नंबर, दारावरच्या कॅमेऱ्यात व्हॅनची नंबरप्लेट आली असेल तर ती, सगळं द्या, त्यांना खरा माणूस हवाच असतो. अशा दंडावर पार्किंगसारखं रीतसर अपील नसतं, पण म्हणणं ऐकून काही वेळा रद्द करतात. मुदत मात्र चुकवू नका, पत्र पाठवलं म्हणून घड्याळ थांबत नाही, तेही त्यांनाच विचारून घ्या. दंड भरला तर त्या गुन्ह्यासाठी खटला होत नाही, आणि भरणं म्हणजे शिक्षा झाली असं नसतं. नाही भरला तर प्रकरण मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊ शकतं.

मी आमच्या भागात कचरा वेचायला जाते म्हणून सांगते, खूप वाईट वाटतं बघून. २०२३-२४ मध्ये इंग्लंडच्या काउन्सिलांनी फ्लाय-टिपिंगच्या ११.५ लाख घटना नोंदवल्या, त्यातला साधारण ६० टक्के कचरा घरगुती. आणि खाजगी जमिनीवर पडला तर उचलायचा खर्च त्या शेतकऱ्याच्या बोकांडी, ज्याचा काही संबंध नाही. भरलेल्या रिसायकलिंग डब्याशेजारी किंवा बंद चॅरिटी शॉपच्या (दानात आलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानाच्या) दारात 'कोणीतरी नेईल' म्हणून पिशव्या ठेवतात ना, तेही फ्लाय-टिपिंगमध्येच मोडतं, आपल्यातल्या कित्येकांना माहीतच नसतं.

सोफ्याचं तर आणखीन वेगळं आहे, जुन्या गादीदार फर्निचरमध्ये आग रोखणारी घातक रसायनं असतात म्हणून ते कचराभूमीत पुरता येत नाही, भट्टीत जाळावंच लागतं. काउन्सिलला फोन करून बल्की वेस्टची, म्हणजे मोठ्या सामानाचा कचरा उचलायची, वेळ घ्यायची, थोडे पैसे पडतात पण पावती मिळते.

घर_बदललेली
सगळ्यांचे मनापासून आभार. कॅमेऱ्यात व्हॅनची मागची बाजू आलीये, नंबर अर्धाच दिसतोय पण मेसेज सगळे आहेत, आत्ताच ईमेल केला. चौकशी मी केली नव्हती हे खरंय, तेही तसंच लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की इथे सांगते.